घरी बांधलेलं जीपीएसडीओ, दुपारचा उंचवटा आणि पावसात चढणारा आकडा

चिरेबंदी (देवगड), १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर हॅम रेडिओवाले आहेत, ऑडिओवाले आहेत. वेळ आणि फ्रिक्वेन्सी मोजायची यंत्रं घरी बांधणारे कोण कोण आहेत ते मात्र कळत नाही. म्हणून हा धागा. मराठीत या विषयावर फार कमी लिहिलं जातं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

माझी जुळणी अशी. भंगारात निघालेल्या दूरसंचार यंत्रणेतला १० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ आहे, म्हणजे स्वतःच्या छोट्या भट्टीत कायम एकाच तापमानाला ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर. त्याचे १० मेगाहर्ट्झ एक कोटीने भागून सेकंदाला एक पल्स काढतो. दुसरी पल्स जीपीएस मोड्यूलची, टायमिंगसाठी बनवलेलं एम८टी. दोन्ही पल्स टीडीसी७२०० चिपला देतो. ती दोघांमधलं अंतर ५५ पिकोसेकंदांच्या पायरीने मोजते. मायक्रोकंट्रोलर ते अंतर बघतो आणि १६ बिटच्या डॅकमधून (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपमधून) ओसीएक्सओच्या कंट्रोल पिनचा व्होल्टेज अगदी हळू हलवतो. झालं जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या वेळेला बांधून ठेवलेला ऑसिलेटर.

साध्या काउंटरने का मोजत नाही असं कुणीतरी विचारेलच. काउंटरचं गेट एक सेकंद उघडं ठेवलं तर १० मेगाहर्ट्झमध्ये एका आवर्तनाची चूकभूल असतेच, म्हणजे कोटीत एक. शंभर सेकंद थांबलात तर अब्जात एक. त्यापुढे नुसतं मोजत बसण्यात दिवस जातात. दोन पल्समधलं अंतर नॅनोसेकंदाच्या आत मोजता आलं, की तीच माहिती एका सेकंदात हाताला लागते आणि दिवसभराच्या आलेखात ऑसिलेटरचा स्वभाव दिसायला लागतो.

आता प्रश्न. दोन आहेत.

पहिला: लूप, म्हणजे ही आपोआप दुरुस्ती करणारी साखळी, तोडून ओसीएक्सओ मोकळा चालवला आणि आलेखातला सरळ उतार व वयोमानाचा बाक काढून टाकला, की रोज दुपारी एक उंचवटा दिसतो. नऊच्या सुमारास चढायला लागतो, अडीच-तीनला माथा, उंची साधारण ४० नॅनोसेकंद, रात्री सपाट.

दुसरा: लूप जोडलेलं असताना डॅकचा आकडा उन्हाळाभर हळूहळू खाली येत होता. तो क्रिस्टलच्या वयाचा परिणाम, अपेक्षितच. पाऊस सुरू झाला तसा तो उलटा चढायला लागला. आतापर्यंत तीस-पस्तीस पायऱ्या चढलाय. माझ्या ओसीएक्सओला ० ते ५ व्होल्टमध्ये एकूण १ हर्ट्झचा पल्ला आहे.

काय वाटतं?


रेवदंडा_रेडिओ, १४ जून, रात्री १०:३५

वा, मनापासून आनंद झाला. पहिला संशय तापमानाचा. डबा कुठे ठेवलाय? पत्र्याखाली असेल तर पुढचं बोलायलाच नको.

मी स्वतः फ्रिक्वेन्सी तपासायचो ती शॉर्टवेव्हवर. एनपीएलचं (दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं) एटीए केंद्र एकेकाळी १० मेगाहर्ट्झवर वेळेचे संकेत द्यायचं. आता रात्री आपल्या किनाऱ्यावर चीनचं बीपीएम बऱ्यापैकी ऐकू येतं. पण आकाशातून परतून येणारी लहर आहे ती. परावर्तन करणारा थर वरखाली होतो आणि डॉप्लरने हर्ट्झचे अंश सहज हलतात, पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त. कोटीत एकच्या पुढे तिच्यावर विसंबता येत नाही. रेडिओच्या डायलसाठी पुरे, तुमच्या कामाला नाही.


निवृत्त_दूरसंचार (रत्नागिरी), १५ जून, सकाळी ७:१०

चिरेबंदी, एक्स्चेंजमध्ये सिंक्रोनायझेशनचं काम केलेला माणूस आहे मी, म्हणून राहवलं नाही.

तुम्ही आलेखावर जे बघताय तो फेज आहे. तापमानाने बदलते ती फ्रिक्वेन्सी. फेज म्हणजे फ्रिक्वेन्सीतल्या फरकाची साठत गेलेली बेरीज. तापमान रोज लाटेसारखं वरखाली होत असेल तर फेजची लाटही येईल, पण पाव दिवस सरकलेली. डब्यातलं तापमान संध्याकाळी सहाला सर्वांत जास्त असेल, तर फेजचा माथा मध्यरात्री यायला हवा. ऑसिलेटर तापला की मंदावणारा असेल तर दुपारी बाराला. दोन्हींपैकी काहीही झालं तरी लाट पूर्ण हवी, जितका माथा तितकीच दरी. तुम्ही म्हणता रात्री सपाट. ते मला तापमानासारखं वाटत नाही.

उंचीवरून मात्र निकाल लागणार नाही. अंशाला दहाच्या उणे अकराव्या घाताइतका हलणारा ओसीएक्सओ घ्या. डब्यात मध्यापासून फक्त ०.२ अंश वर-खाली धरा. हिशेब करून बघा, फेज २८ नॅनोसेकंद वर आणि तितकीच खाली जाते. म्हणजे तुमच्या उंचवट्याच्याच मापाची. तेव्हा भरवसा ठेवायचा तो आकारावर आणि वेळेवर.

आणखी एक गोष्ट बघा. उंचवटा रोज घड्याळाच्या त्याच वेळी येतो, की दिवसाला चार मिनिटं आधी? जीपीएसचे उपग्रह आकाशात त्याच जागी सुमारे २३ तास ५६ मिनिटांनी परततात. भिंतीवरून, पत्र्यावरून परावर्तन होऊन बिघडलेला सिग्नल असेल तर तो नमुना महिन्याभरात दोन तास अलीकडे सरकतो. सूर्याच्या घड्याळाने चालणारी गोष्ट सरकत नाही. महिन्याभराचे आलेख एकाखाली एक ठेवले की डोळ्यांनीच दिसतं.


सुरंगी (चिपळूण), १५ जून, सकाळी ९:४५

काकांशी पूर्ण सहमत. पण त्याच्याही आधीची पायरी: मोजणारं यंत्र स्वतः किती हलतं ते पाहिलंत का? मी कॅलिब्रेशनच्या कामात आहे आणि माझा हाच आग्रह असतो. एकच पल्स दोन भागांत वाटून स्टार्ट आणि स्टॉप दोन्हीकडे द्या, मध्ये थोडी जास्त केबल घाला आणि रात्रभर नोंद घ्या. येणारा सगळा चढउतार काउंटरचा. तो माहीत झाल्याशिवाय ऑसिलेटरबद्दल काही म्हणू नये.

भागाकाराची साखळी कशाने केली आहे? ७४एचसी३९० एकामागोमाग लावले असतील तर प्रत्येक चिपचा उशीर साठत जातो आणि तापमानाने हलतो. शेवटी ७४एसी७४ लावून पल्स पुन्हा १० मेगाहर्ट्झच्या कडेशी जुळवून घ्या, म्हणजे साखळीचा उशीर बाद होतो.


चिरेबंदी, १५ जून, रात्री ९:२०

ताई, काउंटर तपासलाय आणि त्या तपासणीने मला या नादात पक्कं अडकवलं. एकाच पल्सच्या दोन वाटा केल्या, एका वाटेत आरजी-५८ची एक मीटर केबल घातली आणि पडद्यावरचा आकडा ५ नॅनोसेकंदांनी सरकला. केबल काढली, परत आला. तांब्याच्या तारेतून विजेला एक मीटर जायला लागणारा वेळ टेबलावर बसून वाचता येतो! त्या रात्रीचा चढउतार नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता, म्हणजे ४० नॅनोसेकंदांचा दोष काउंटरला देता येणार नाही. शेवटी ७४एसी७४ आहेच.

काका, डबा माजघरातल्या कोनाड्यात आहे. चिऱ्याची दीड हाताची भिंत, वर माळा आणि कौलं. डब्याला आतून थर्माकोल. आत तापमानाची चिप ठेवली आहे. सध्या दिवस-रात्रीत अर्ध्या अंशाहून कमी फरक पडतो आणि सर्वांत जास्त तापमान संध्याकाळी सात-साडेसातला येतं, भिंत उशिरा तापते म्हणून. जानेवारीत हाच फरक दुपटीहून जास्त होता. ऐन पावसात बाहेरच दिवस-रात्रीत तीन-चार अंशांचा फरक, त्यामुळे ऑसिलेटरला हा हंगाम मानवतो.

जुने आलेख काढून लावले. उंचवटा सरकत नाही.


खाडीकाठ (दाभोळ), १५ जून, रात्री ११:०५

मग तो आयनांबर आहे, वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. माझं मत अगदी ठाम आहे.

सूर्य वर आला की आयनांबरात मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात आणि उपग्रहाचा सिग्नल उशिरा पोचतो. इलेक्ट्रॉनचं एकूण प्रमाण टीईसी या एककात मोजतात. एका एककामागे एल-१ वर, म्हणजे जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर, साधारण ०.५४ नॅनोसेकंद उशीर. १०० एककं झाली तर ५४ नॅनोसेकंद. उपग्रह जे दुरुस्तीचं सूत्र प्रसारित करतो ते सरासरी निम्मीच चूक काढतं. उरलेली चूक रिसीव्हर आपल्या घड्याळात आणि उंचीत घालतो, म्हणून पल्स दुपारी उशिरा येते. इलेक्ट्रॉनांचा कळस माध्यान्हानंतर दोन-तीनच्या सुमारास असतो. तुमचा माथा बरोबर तिथेच आहे.

आपली जागाही तशीच. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनांचे दाट पट्टे तयार होतात आणि उत्तरेकडचा पट्टा गुजरात-मध्य प्रदेशाच्या डोक्यावर येतो. कोकण या दोघांच्या मधोमध. युरोपातल्या माणसाने बांधलेलं हेच यंत्र त्याच्याकडे शांत दिसतं, इथे दिसत नाही.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या नोंदी असतील तर रात्री आठ ते बारा बघा. सूर्यास्तानंतर तिथे बुडबुड्यांसारखे पातळ पट्टे वर चढतात, सिग्नल लुकलुकतो, उपग्रह सुटतात.

खात्री करायची तर दोन वारंवारतांचा रिसीव्हर आणा, एल-१ आणि एल-५ घेणारा. एल-५ वरचा उशीर एल-१ च्या १.७९ पट असतो, दोघांच्या फरकातून आयनांबर थेट निघतो. त्याआधी फुकटचा उपाय म्हणजे गगन चालू करून बघा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ती यंत्रणा, आयनांबराची दुरुस्ती भारतावरच्या मोजमापांतून काढते.


चिरेबंदी, १६ जून, सकाळी ६:५५

मार्चच्या नोंदी आहेत. रात्री नऊच्या आसपास टोकं दिसतात, तेव्हा अँटेनावर संशय घेऊन केबल बदलली होती. आता नाहीत. हे जुळतंय.

एक प्रयोग सुचलाय. डब्यात १२ व्होल्टचा छोटा दिवा ठेवून फक्त रात्री लावतो. उंचवटा तापमानाचा असेल तर आलेख पूर्ण बदलेल, आयनांबराचा असेल तर दुपारी जिथल्या तिथे राहील.


तळकोकण (मालवण), १६ जून, दुपारी १:३०

माका विचाराल तर दुसरो प्रश्न सगळो पावसाचो. आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या पुस्तकांक बुरशी येता, मग बोर्ड कसो सुको ऱ्हवतलो?

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. किनाऱ्यावर नुसता ओलावा नसतो, खार असतो. बोर्डवर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पातळ थर राहिला असेल तर तो खारं पाणी धरून ठेवतो. मी बोटींवरची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतो. उन्हाळ्यात ठणठणीत चालणारा बोर्ड आषाढात वेड्यासारखा वागतो आणि हॉट एअरने जरा शेकला की परत नीट.

अँटेना कसली लावली आहे? चौकोनी पॅचची, गाडीवाली असेल तर ती पहिल्या पावसाळ्यातच पाणी पिते. बंदरावर बोटींसाठी मिळते ती पांढरी मश्रूम अँटेना घ्या. खारा वारा आणि लाटा सोसायलाच बनवलेली असते. फक्त एक बघून घ्या: काहींच्या आतच पूर्ण रिसीव्हर असतो आणि बाहेर चार-पाच बारीक तारा येतात, ती आपल्या उपयोगाची नाही. कोअॅक्स कनेक्टर असलेली हवी. आणि व्होल्टेज तपासा, काही ५ व्होल्ट मागतात, मोड्यूल बहुधा ३ च्या आसपास देतं.

माडाखाली मात्र कुठलीच चालत नाही. झावळं ओली झाली की सिग्नल खातात.


सुरंगी, १६ जून, संध्याकाळी ६:१५

तळकोकण यांचा मुद्दा आकड्यांत मांडते, कारण आकडे फार छान जुळताहेत.

५ व्होल्टला १ हर्ट्झ म्हणजे व्होल्टला ०.२ हर्ट्झ, म्हणजे १० मेगाहर्ट्झच्या मानाने व्होल्टला २ गुणिले दहाचा उणे आठवा घात. डॅकची एक पायरी ७६ मायक्रोव्होल्ट, म्हणजे साधारण दीड गुणिले उणे बारावा. पस्तीस पायऱ्या म्हणजे २.७ मिलिव्होल्ट.

आता डॅक आणि कंट्रोल पिनच्या मध्ये फिल्टरचा रेझिस्टर असेलच. किती आहे? १०० किलोओहम धरते. पिनपासून ग्राउंडकडे ओलसर बोर्डवरून १०० मेगाओहमची गळती झाली, तर पिनवरचा व्होल्टेज हजारात एक भाग उतरतो. मध्यावरच्या अडीच व्होल्टवर ते अडीच मिलिव्होल्ट. लूप ती तूट भरून काढतं आणि डॅकचा आकडा चढतो. तुम्हाला दिसतंय तितकाच. लूप नसतं तर तेवढ्याने दिवसाला ४ मायक्रोसेकंदांहून जास्त फरक पडला असता. आणि १०० मेगाओहम साध्या मल्टिमीटरवर उघडं सर्किट दिसतं, म्हणून मीटर लावून सापडणार नाही.

दुसरा संशयित डॅकला स्थिर व्होल्टेज देणारी रेफरन्स चिप. पावसाळ्यात दार फुगतं तसं चिपचं प्लास्टिकही ओलावा पिऊन किंचित फुगतं, आतल्या सिलिकॉनवर ताण येतो आणि व्होल्टेज सरकतो. पण तो बदल लाखात काही भागांचा. ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) धरले तरी अडीच व्होल्टवर १२५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे जेमतेम दोन पायऱ्या. पस्तीस पायऱ्या तिच्याने होणार नाहीत.

तपासणी सोपी आहे. बोर्ड हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, तारा जातात तिथे सिलिकॉन लावा, आणि आकडा बघत राहा. गळती असेल तर दोन-तीन दिवसांत उतरू लागेल. रेफरन्सचं प्लास्टिक सुकायला आठवडे लागतात.


नवशिका (महाड), १६ जून, रात्री १०:१०

वाचतोय, निम्मं डोक्यावरून जातंय पण सोडवत नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक विचारू का? घरी इतकी अचूक वेळ कशाला लागते?


रेवदंडा_रेडिओ, १६ जून, रात्री १०:५०

नवशिका, लागते म्हणून कमी आणि मोजता येते म्हणून जास्त. हातातल्या घड्याळाचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा असतो. २५ अंशांपासून दहा अंश दूर गेला की दिवसाला पाव सेकंदाहून थोडा जास्त मागे पडतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बर्फाच्या पाण्याच्या पेल्याशेजारी घड्याळ ठेवून आलेखात बाक उमटताना बघणं वेगळं. एकदा बघशील तर कळेल.

आपल्या किनाऱ्याला या कामाची परंपराही मोठी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिथे मुंबईची वेळ ठेवली जायची. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत चालवली. आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. शहराच्या विजेपासून दूर, शांत जागा म्हणून. मी तिथून जवळच राहतो आणि येता-जाता त्या आवाराकडे बघितल्यावर आजही अभिमान वाटतो. शांत जागेचं मोल त्या लोकांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.


खाडीकाठ, १७ जून, सकाळी ८:००

यात नाविकचंही, जीपीएससारख्या आपल्या भारतीय उपग्रह यंत्रणेचंही, नाव घ्यायला हवं. पहिल्या पिढीच्या उपग्रहांवरची आयात केलेली रुबिडियम अणुघड्याळं २०१६ पासून बंद पडू लागली. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादला बनवलेलं आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ आहे. त्या उपग्रहापासून नाविक एल-१ वरही येऊ लागलं. एल-५ चा रिसीव्हर घ्यायचा तर नाविक घेणाराच घ्या.

चिरेबंदी, माझा सल्ला, तुम्हीही जुनं रुबिडियम घ्या. लॅमिंग्टन रोडवर विचारलंत तर दूरसंचारातलं वापरलेलं मिळू शकतं. ओसीएक्सओचे अर्धे प्रश्न मिटतील.


निवृत्त_दूरसंचार, १७ जून, सकाळी ११:२०

खाडीकाठ, इथे मी असहमत. रुबिडियमचा दिवा म्हातारा झालेला असतो, आत किती आयुष्य उरलंय ते विकणाराही सांगू शकत नाही, आणि ते भरपूर तापतं. आपल्या हवेत पंखा लावावा लागतो, पंखा खारी हवा आत ओढतो. शिवाय त्याला चुंबकीय क्षेत्र बाधतं, ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवून चालत नाही.

त्याच पैशात आणखी दोन ओसीएक्सओ येतात. दोन ऑसिलेटर एकमेकांशी ताडले तर फरक कुणाचा ते कळत नाही. तीन असले तर तीन जोड्या मोजून प्रत्येकाचा वेगळा हिस्सा गणिताने काढता येतो. आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा, मग नवीन आणा.

चिरेबंदींना आणखी एक तपासायला सांगतो. भट्टीचा प्रवाह आणि कंट्रोल व्होल्टेजचं ग्राउंड एकाच तारेतून जातंय का? हवा गार झाली की भट्टी जास्त प्रवाह ओढते. ५० मिलिअँपियरचा फरक आणि तारेचे २० मिलिओहम, झाला १ मिलिव्होल्ट, म्हणजे तुमच्या तेरा पायऱ्या. आलेखात ते हुबेहूब तापमानासारखं दिसतं आणि माणूस थर्माकोल वाढवत बसतो. कंट्रोलचं ग्राउंड ओसीएक्सओच्या पिनपासूनच वेगळं काढा.

वीज कशावर आहे? आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. ओसीएक्सओ एकदा गार झाला की पुन्हा त्याच जागी लगेच येत नाही, स्थिर व्हायला दिवस घेतो.


चिरेबंदी, १७ जून, रात्री ९:००

१२ व्होल्टची बॅटरी कायम चार्जरवर, तिच्यावरून सगळं. फिल्टरचा रेझिस्टर १०० किलोओहमच आहे, ताईंनी बरोबर धरला. ग्राउंड वेगळं आहे. बाकी प्रयोग लावलेत, निकाल आले की लिहितो.


चिरेबंदी, २ जुलै, रात्री ८:४०

निकाल.

दिव्याचा प्रयोग: रात्री दिवा लावल्यावर डब्यातलं तापमान वेळेनुसार पूर्ण उलटं झालं. आलेखात एक नवी बारीक लाट आली, ती तापमानाची. दुपारचा उंचवटा होता तिथेच, तेवढाच. गगन चालू केल्यावर तो साधारण निम्म्यावर आला. खाडीकाठ, तुमचं बरोबर होतं. हिशेब केला तर ४० नॅनोसेकंद सहा तासांत म्हणजे फ्रिक्वेन्सीत फक्त २ गुणिले उणे बारावा घात. १० मेगाहर्ट्झवर २० मायक्रोहर्ट्झ. ते मला दिसतंय याचंच नवल वाटतं.

डॅकचा आकडा: बोर्ड सिलिका जेलसकट डब्यात घातला. दुसऱ्या दिवसापासून आकडा उतरू लागला आणि चढलेल्यातला बराचसा परत आला. मग बोर्ड काढून भिंगाखाली पाहिला. त्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरखाली फ्लक्सचा पिवळसर, चिकट थर होता आणि त्यावर मिठासारखे बारीक पांढरे ठिपके. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासला, गरम हवेने सुकवला, वर कॉन्फॉर्मल लॅकरचे दोन हात दिले. आता डब्याचं झाकण उघडं ठेवूनही आकडा सरळ रेषेत उतरतोय, उन्हाळ्यात उतरायचा तसा.


सुरंगी, २ जुलै, रात्री ९:१५

फार आनंद झाला वाचून! पुढच्या बोर्डवर त्या जोडाभोवती तांब्याची गार्ड रिंग ठेवा आणि तिला कंट्रोलच्याच व्होल्टेजचा बफर जोडा. दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज असला की गळायला काही उरत नाही. जमलं तर रेझिस्टरही १० किलोओहमचा करा आणि कपॅसिटर दसपट, गळतीचा परिणाम दहावा हिस्सा होईल.


तळकोकण, २ जुलै, रात्री ९:४०

पांढरे ठिपके! ते बोटींवरच्या प्रत्येक बोर्डवर बघतो मी. लॅकर देण्याआधी बोर्ड डिस्टिल्ड पाण्यानेही धुवा, मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. मग पूर्ण सुकवून लॅकर. नाहीतर मीठ आतच कोंडलं जातं.


चिरेबंदी, ३ जुलै, सकाळी ७:३०

हे माहीत नव्हतं. दुसऱ्या बोर्डला करतो.


नवशिका, ३ जुलै, रात्री ११:००

काका, ताई, मला सुरुवात करायची आहे. माझ्याकडे निओ-६एम हे साधं जीपीएस मोड्यूल आहे आणि एक आर्डुइनो. एवढ्यावर काही करता येईल का?


निवृत्त_दूरसंचार, ४ जुलै, सकाळी ७:००

नक्की येईल. निओ-६एमच्या पल्सची कड सुमारे २१ नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांवर बसते, आणि स्थिर जागा सांगून चालवायची सोय त्यात नाही. तुला सध्या त्याने काही बिघडत नाही.

आर्डुइनोवर क्रिस्टल असेल तर उत्तम, पण बऱ्याच बोर्डांवर मुख्य चिपला सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो हजारात काही भाग हलतो. आधी तो ओळख. मग बाहेरचा १० मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ (भट्टीशिवाय, तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) घेऊन टायमरच्या बाहेरच्या क्लॉक पिनवर दे. पण ती पिन आर्डुइनोच्या १६ मेगाहर्ट्झला १० मेगाहर्ट्झ घेऊ शकत नाही, म्हणून मध्ये ७४एचसी३९० ने दहाने भाग. १ मेगाहर्ट्झ आरामात घेईल. जीपीएसची पल्स इनपुट कॅप्चर पिनवर दे. दर पल्सला टायमरचा आकडा कार्डवर लिही, शेजारी तापमान लिही. एका सेकंदाला दहा लाखांत एक दिसेल, हजार सेकंदांच्या अंतरावरचे आकडे घेशील तर अब्जात एक.

नोंदी जमल्या की अॅलन डेव्हिएशन काढ. डेव्हिड अॅलन यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत आहे. साधं प्रमाण विचलन ऑसिलेटरला लावलं तर जितका जास्त वेळ मोजाल तितकं ते वाढतच जातं, म्हणून शेजारच्या दोन सरासरींचा फरक घ्यायचा. लॉग आलेखावर जीपीएसची रेषा काळाबरोबर खाली उतरत जाते, टीसीएक्सओची आधी सपाट होऊन मग वर वळते. दोघी जिथे छेदतात, तो काळ पुढे तुझ्या लूपचा टाइम कॉन्स्टंट होईल. तोपर्यंत डॅकला हात लावू नकोस.

अँटेना कौलांच्या वर ने, पण गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेव. महाडला ऑक्टोबरात विजा फार पडतात.